शेषेरावांच्या नावाचा अँप्लिफायर

आपल्याकडं देवाला गुपचूप कुणी काही देत नाही. घागर दिली की तिच्या पोटावर नाव, बाकडं दिलं की त्याच्या पाठीवर नाव, पंखा दिला की तिन्ही पात्यांवर नाव. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, म्हणून देणाऱ्याच्या घरचे पाहुणे देवळात आले की आधी पंखा बंद करतात, असं लोक गमतीनं म्हणतात. गंमत म्हणजे ते खरं आहे.

सुदर्शन बिरादारचा अँप्लिफायर असाच नाव लागून देवाचा झाला होता. फक्त त्याच्यावर नाव सुदर्शनचं नव्हतं.

गोष्ट जुनी आहे. अठ्ठ्याऐंशी साली सुदर्शन चोवीस वर्षांचा होता आणि लातूरच्या रंगबहार ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. गणपती, नवरात्र, बड्या घरची लग्नं. आज उदगीर, उद्या उमरी, परवा नांदेड. पार्टीचा अँप्लिफायर गायकांसाठी असायचा आणि गिटारीला त्यातली उरलीसुरली जागा मिळायची. म्हणून त्यानं दोन वर्षांची बिदागी साठवून स्वतःचा अँप्लिफायर बनवून घेतला. बनवला मडिवाळप्पानं. मडिवाळप्पा मूळचा उदगीरकडचा, कानडी घरातला. नांदेडला जुन्या मोंढ्यामागं रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकून बसलेला. सागवानी पेटी, पुढं खाकी कापड, चार गोल बटणं आणि आत काचेचे व्हॉल्व्ह. बटण दाबलं की लगेच आवाज यायचा नाही. व्हॉल्व्ह तांबडे व्हायला मिनिटभर लागायचं, आणि मग एकदा आवाज फुटला की मागच्या रांगेतला पानवालासुद्धा हातातलं पान तसंच धरून उभा राहायचा.

सुदर्शनचे वडील शेषेराव. शिरूर अनंतपाळजवळच्या गावात तीस एकर काळी जमीन, बारमाही विहीर, पंचक्रोशीत शब्दाला वजन. पोराला त्यांनी कधी गिटार सोड म्हटलं नाही. ते तिचं नावच घेत नसत. कुणी विचारलं, थोरला काय करतो, तर म्हणायचे, “लातूरला असतंय.” जणू लातूरला असणं हाच एक धंदा होता.

ब्याण्णवच्या चैत्रात सुदर्शनला कावीळ झाली. दोन महिने गावी येऊन तो आतल्या खोलीत बाजेवर पडून होता. गिटार आणि अँप्लिफायर ओसरीवर. हनुमान जयंतीचा सप्ताह चालू होता आणि देवळातली भाड्याची मशीन, म्हणजे लाउडस्पीकरची पेटी, ऐन काल्याच्या आदल्या दिवशी बंद पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी सुदर्शननं बाजेवरूनच आवाज ऐकला. “श्रीमान शेषेराव माणिकराव बिरादार यांच्याकडून मारुतीरायाच्या चरणी एक मशीन अर्पण.” मग टाळ्या. तो आवाज त्यानं ओळखला. स्वतःच्या अँप्लिफायरचा आवाज माणूस ओळखणार नाही तर काय. ज्या वस्तूचं दान झालं होतं, त्याच वस्तूतून त्याला दानाची बातमी मिळत होती.

शेषेराव घरी आले ते कपाळाला बुक्का लावून. पोराजवळ बसले, पाणी घेतलंस का विचारलं. अँप्लिफायरचा विषय काढला नाही. सुदर्शननंही काढला नाही. देवाला दिलेलं परत मागायचं म्हणजे बापाशी आणि देवाशी एकदमच भांडण, आणि काविळीनं पिवळ्या पडलेल्या माणसात दोघांना पुरेल एवढी ताकद कुठली? संध्याकाळी गावातला पेंटर आला आणि पेटीच्या माथ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं वडलांचं नाव काढून गेला. अक्षर सुरेख होतं, यात वाद नाही.

तो बरा होऊन लातूरला गेला तेव्हा पार्टीनं दुसरा गिटारवाला घेतला होता. त्याच्याकडं स्वतःचा अँप्लिफायर होता. पुढच्या वर्षी भूकंप झाला, किल्लारीकडचे सगळे कार्यक्रम बसले आणि रंगबहार मोडली. त्यामुळं त्याची बायको आरती कधीकधी म्हणते, तशीही ती मोडणारच होती. हे खरं असेल. पण ज्याला गाडीतून आधीच उतरवलंय त्याला, पुढं गाडी उलटली म्हणून सांगून समाधान होत नसतं. सुदर्शन एका शाळेत कारकून झाला. तीस वर्षं त्यानं दाखले लिहिले, शिक्के मारले, हजेरीपट जुळवले. गिटार चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवली. ती विकली मात्र नाही.

आणि गावी गेलं की तो अँप्लिफायर बोलायचाच. मडिवाळप्पानं ज्या पेटीत आठ दिवस घासून गिटारीचा गोडवा बसवला होता, तिला गावकऱ्यांनी भोंगा जोडला आणि ती सांगायला लागली की रेशनचे गहू आलेत, पोलिओचा डोस शाळेत आहे, सटवाजीची म्हैस सुटली आहे, काळ्या रंगाची, एक शिंग वाकडं. लोक ऐकत. सुदर्शन जेवता जेवता थांबत असे. आई विचारायची, “भाजी खारट हाय का?” तो म्हणायचा, चांगली हाय.

शेषेराव २०१९ साली गेले. सुदर्शन तीन वर्षांनी निवृत्त झाला. आणि यंदा दिवाळीनंतर देवस्थानाच्या कमिटीचा अध्यक्ष निवृत्ती याचा फोन आला. तरुण मंडळानं नवीन साउंड आणला होता, रिमोटवाला, लाइट लागणारा.

“सुदर्शनराव, ती जुनी मशीन दोन वर्षं झाली बंद पडून हाय,” निवृत्ती म्हणाला. “भंगारात घालावं तर तुमच्या आबाचं नाव हाय तिच्यावर. जिवावर येतंय. तुमी घेऊन जावा.”

बत्तीस वर्षांनी वस्तू मालकाकडं परत येत होती आणि तीही उपकार म्हणून. सुदर्शन दुसऱ्याच दिवशी गेला. देवळामागच्या खोलीत, फाटक्या पताका आणि मोडका पंखा यांच्यामध्ये ती पेटी होती. वर फुटलेल्या नारळाची करवंटी. त्यानं ती उचलली, जीपमध्ये मांडीवर घेतली आणि लातूरला आणली.

आरतीनं बघितलं आणि म्हणाली, “ह्याचं काय करायचं?”

“बघू. दुरुस्त होतो का.”

“दुरुस्त करून काय करणार तुम्ही?”

आरती काही दुष्ट बाई नाही. ती निलंग्याच्या शिक्षकांची मुलगी आहे, तिला हिशोब समजतो. तिनं पुण्याच्या सुकन्याला, म्हणजे मुलीला, फोन लावून दिला. सुकन्या म्हणाली, बाबा, आता हातात मावेल एवढे मिळतात, मोबाइलला जोडता येतात, मी पाठवते. दोघीही बरोबर होत्या. दुरुस्तीचा निवाडा घरातल्या शहाण्या माणसांवर सोडला तर जगातली एकही जुनी वस्तू दुरुस्त होणार नाही. सुदर्शननं चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी सकाळच्या नांदेड गाडीत तो पेटी घेऊन चढला. गिटारही बरोबर घेतली. का घेतली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मडिवाळप्पा जिवंत असेल का याचीसुद्धा खात्री नव्हती. पण दुकान होतं आणि दुकानात तो होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, डोळ्याला जाड भिंग, कपाळाला विभूतीचे पट्टे. त्यानं सुदर्शनला ओळखलं नाही. पेटी ओळखली.

“ही माझी पोरगी,” तो म्हणाला. “कुठं दिली होती हिला?”

“देवळात.”

“देवळात? गिटारीचा अँप?” मडिवाळप्पानं भिंग वर सारून त्याच्याकडं बघितलं. मग मागचे स्क्रू काढले. आतून गुलाल सांडला. गुलाल, बुक्का, उदबत्तीची राख, आणि एका कोपऱ्यात उंदराचं घरटं, सप्ताहाच्या पत्रिका कुरतडून केलेलं. मडिवाळप्पानं पेटीत नाक घालून वास घेतला. हा त्याचा जुना शिरस्ता. जळकी तार कुठली आणि नुसती जुनी कुठली हे तो आधी नाकानं ठरवायचा, मग मीटर लावायचा.

“ह्याला खर्च करावा का, तेवढं सांगा,” सुदर्शन म्हणाला. “उगाच भिडेखातर सांगू नका.”

“इल्ला,” म्हातारा म्हणाला, म्हणजे नाही. “तसं मला विचारायचं नाही. ट्रान्सफॉर्मर चांगला हाय, अस्सल तांबं. दोन व्हॉल्व्ह गेलेत, ते माझ्या डब्यात हायत. स्पीकरचा कागद उंदरानं खाल्ला, तो बसवू. पेटीचं काही न्हाई, पेटी होईल. तुम्ही काढा ती गिटार.”

“तिच्या तारा गंजल्यात.”

“गंजू द्या. वाजवा.”

मडिवाळप्पाची ही पद्धत सुदर्शन विसरून गेला होता. कुणीही वाद्याची वस्तू दुरुस्तीला आणली की तो आधी आणणाऱ्याला वाजवायला लावायचा. हार्मोनियमवाला असो की बँजोवाला. वाजवता न येणाऱ्याची वस्तू तो दुरुस्त करत नसे. म्हणायचा, शोकेसात ठेवायला बंदच बरी. या हट्टापायी त्याचं अर्धं गिऱ्हाईक गेलं होतं आणि त्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. सुदर्शन स्टुलावर बसला, गिटार मांडीवर घेतली आणि एकेकाळी झोपेत वाजवायचा तो गाण्यातला गिटारीचा पीस, म्हणजे तुकडा, सुरू केला. चौथ्या सुराला बोट घसरलं. पुन्हा केला, पुन्हा तिथंच. डाव्या हाताची करंगळी जिथं जायला पाहिजे तिथं जाईच ना. कारकुनाची बोटं ती. तीस वर्षं त्यांनी फक्त शिक्के दाबले होते. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाहेर चहावाला उभा होता, तो दुसरीकडं बघायला लागला.

मडिवाळप्पा हसला नाही. “पेटीला पंधरा दिवस लागतील,” तो म्हणाला. “तुम्हाला तीन महिने. तीन महिन्यांनी या. हे वाजलं तर घेऊन जा, न्हाई तर ठेवून जा. मी पार्ट काढून घेतो.”

आणि मग साठीच्या माणसानं ते केलं. नव्या तारा आणल्या. सकाळी दूध आलं की बसायचा तो आरती जेवायला हाक मारीपर्यंत. पहिल्या आठवड्यात बोटांना फोड आले, दुसऱ्या आठवड्यात ते फुटले, मग कातडी घट्ट झाली. शेजारच्या मालविकाताई, बँकेत होत्या त्या, आरतीला म्हणाल्या, “भाऊजींना काहीतरी छंद हवाच होता म्हणा.” छंद हा शब्द ऐकून त्याला इतका राग आला की त्या दिवशी तो पीस पहिल्यांदा न अडखळता वाजला. त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण आरतीनं ऐकलं होतं. तिनं त्या दिवशी शिरा केला आणि कशासाठी ते बोलली नाही.

फाल्गुनात तो नांदेडला गेला. मडिवाळप्पानं पेटी पुसून, पॉलिश करून ठेवली होती. बटण दाबलं. मिनिटभर काही नाही. आत व्हॉल्व्ह तांबडे झाले आणि सुदर्शननं तार छेडली. दुकानातल्या पत्र्याच्या डब्यांतले स्क्रू खुळखुळले. त्यानं पूर्ण पीस वाजवला, मग दुसरा, मग तिसरा. म्हाताऱ्यानं डोळे मिटले होते. सुदर्शनला वाटलं, रडावं. तो रडला, थोडंसं, शर्टाच्या बाहीनं पुसण्याइतकं.

“हे नाव खरवडू का?” मडिवाळप्पानं विचारलं. पेटीच्या माथ्यावर पांढरी अक्षरं तशीच होती. “पाच मिनिटांचं काम. पॉलिश कागद फिरवला की गेलं.”

सुदर्शननं अक्षरांवरून बोट फिरवलं. शेषेराव माणिकराव बिरादार. बाप जाऊन पाच वर्षं झाली होती. मेलेल्या बापाचं नाव खरवडायचं म्हटल्यावर त्याला कसंसंच वाटलं.

“राहू द्या,” तो म्हणाला.

भलेपणा हा माणसाला कुठं नेऊन आपटेल सांगता येत नाही. पेटी घेऊन तो लातूरला आला असता आणि तिथंच थांबला असता तर गोष्ट इथंच गोड संपली असती. पण त्याला आई आठवली. धोंडाबाई ब्याऐंशी वर्षांच्या. गावीच राहतात, सुदर्शनच्या धाकट्या भावाकडं. सहा वर्षं तो गावोगाव वाजवत फिरला, पण आईनं त्याला एकदाही ऐकलं नव्हतं. तमाशाला जायचं नसतं तसंच ऑर्केस्ट्रालाही बायकांनी जायचं नसतं, असं शेषेरावांच्या घरात होतं. तिनं एकदा ऐकावं, एवढंच त्याला पाहिजे होतं. आणि खरं बोलायचं तर एवढंच नव्हतं. गावानंही ऐकावं, त्यांच्या म्हशी शोधणाऱ्या पेटीत काय होतं ते एकदा त्यांना कळावं, अशीही खुमखुमी होती.

चैत्र लागला तसा तो गेला. सोमवारपासून सप्ताह बसायचा होता, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. भाऊ शेतावर होता. अंगणात लिंबाच्या सावलीत त्यानं पेटी मांडली, खिडकीतून वायर घेतली, आईला खुर्चीवर बसवलं.

“काय करायलास?” आई म्हणाली.

“ऐक तर, माय.”

त्यानं वाजवलं. दुपारची वेळ, गाव सुस्त पडलेलं. पहिल्या पिसाला शेजारच्या बाया आल्या, दुसऱ्याला पारावरची माणसं. धोंडाबाई पदर हनुवटीखाली धरून ऐकत होत्या. तो थांबला तेव्हा त्यांनी पदर सोडला.

“तू हे वाजवायचास?”

“हाव.”

“चांगलं हाय की रे,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, काय की कसलं.”

एवढ्या चार शब्दांसाठी तो साठ वर्षांचा झाला होता. त्याला आणखी काही नको होतं. त्याला तिथल्या तिथं उठून लातूरला जायची बुद्धी व्हायला पाहिजे होती, पण लोक म्हणाले, आणखी एक होऊ द्या, आणि कलाकाराला हे वाक्य कधी मोडता आलंय? तो आणखी एक वाजवायला लागला. तेवढ्यात निवृत्ती आला.

निवृत्ती गर्दीतून पुढं आला, पेटीभोवती एक फेरी मारली, माथ्यावरचं नाव वाचलं. वाजवणं थांबेपर्यंत मात्र तो थांबला. रीत सोडली नाही.

“चालू झाली की वो मशीन,” तो म्हणाला. “मारुतीचीच कृपा म्हणायची. सुदर्शनराव, नव्या साउंडनं परवा दगा दिला. लाइट जास्तीची आली आन् सगळं जळालं आतलं. पुण्याचा माणूस येतो येतो म्हणायलाय. सोमवारी सप्ताह हाय. मी इचारच करून राहिलो होतो, आता कुठून आणावं.”

सुदर्शनला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो म्हणाला, “ही तर तुम्ही मला दिली, निवृत्तीराव.”

“बंद होती तवा दिली. भंगारात जाऊ नये म्हणून दिली. चालू वस्तू देवाची कोण देऊन टाकतंय?”

“मी दुरुस्त केली.”

“तर काय. लई पुण्य जोडलंव. काल्याच्या दिवशी नारळ देऊ तुमाला, माइकवरून नाव घेऊ.” निवृत्तीच्या बोलण्यात लबाडी नव्हती. हेच तर वाईट होतं. त्याला खरोखरच वाटत होतं की आपण याचा मान करतोय. “आबानं दिलेली वस्तू, पोरानं नीट करून पुन्हा चरणी घातली. लई चांगलं दिसतंय ते.”

लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी मागून म्हणालं, बापाचं नाव राखलं. सुदर्शन उठून उभा राहिला. बत्तीस वर्षं जे बोलला नव्हता ते त्याच्या तोंडून आलं, आणि तेही किती साध्या आवाजात.

“आबांनी दिली नव्हती. आबांची नव्हतीच ती. माझी होती. मी माझ्या कमाईनं बनवून घेतली होती, नांदेडला. मी आजारी पडून होतो आन् मला न विचारता दिली.”

निवृत्तीनं पेटीकडं बघितलं. “नाव तर आबाचं हाय.”

“नाव नंतर घातलं.”

“मग तवा बोलायचं होतं, सुदर्शनराव,” निवृत्ती हळूच म्हणाला. त्याला अवघडल्यासारखं झालं होतं. “इतक्या सालानं, ते गेल्यावर, असं बोलणं शोभत न्हाई. इथं कुणाला ठावं हाय खरं काय ते?”

ठाऊक असणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते तिथंच खुर्चीवर बसलं होतं. सुदर्शन आईकडं वळला. “मायला ठावं हाय. इचारा तिला. माय, सांग की ह्यांना. कुणाची होती?”

धोंडाबाईंनी आधी पोराकडं बघितलं, मग जमलेल्या माणसांकडं. पदर नीट केला. आवाज स्पष्ट होता, ब्याऐंशीच्या मानानं चांगलाच स्पष्ट.

“मालकाचीच होती,” त्या म्हणाल्या. “त्यांनीच दिली देवाला. हा वाजवायचा तिच्यावर, म्हणून ह्याला आपली वाटती.”

निवृत्ती भला माणूस. त्यानं सुदर्शनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, होतं असं, जुनं आठवलं की होतं. दोघांनी पेटी उचलली. तिसऱ्यानं गिटारीची वायर उपसून, नीट वेटोळं करून सुदर्शनच्या हातात दिली. लोक पांगले. अंगणात पेटीच्या चार पायांचे ठसे तेवढे मातीत राहिले.

आत येऊन धोंडाबाईंनी चहा टाकला. सूनबाई धुणं धुवायला गेली होती, घरात दोघंच होती.

“रागावलास?” त्या म्हणाल्या.

“तुला ठावं होतं.”

“मला ठावं नसंल तर कुणाला असंल? नांदेडहून आणलीस त्या दिशी मीच हळदीकुंकू लावलं तिला. ह्यांच्या माघारी.”

“मग खोटं का बोललीस?”

धोंडाबाईंनी चहा गाळला. “मेलेल्या माणसाला चारचौघांत खोटं पाडू का? त्यांना आता येऊन सांगता येतंय का, का केलं म्हणून?”

“मी जिता हाव ना, माय. मला पाडलंस.”

“हाव,” त्या म्हणाल्या. जराही मागं न सरता, कप त्याच्यापुढं सरकवत. “तू सोसतोस. लहानपणापासनं सोसतोस तू. धाकटा असता तर म्या असं बोलले नसते, त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. त्यांनीबी तवा हेच म्हटलं होतं. म्हणले, थोरला काही बोलणार न्हाई.”

सुदर्शनला इतकी वर्षं वाटत आलं होतं की आबांना गिटारीची लाज वाटायची, म्हणून त्यांनी पेटी दिली. तसं काही नव्हतं. देवळात मशीन लागत होती आणि घरात एक माणूस असं होतं की ज्याची वस्तू उचलली तरी चालत होतं. बापानं ते हेरलं, आईनं तेच आज पुन्हा वापरलं, आणि दोघांनीही त्याला त्याचा गुण समजून. रागवायलासुद्धा समोर कुणी वाईट माणूस पाहिजे. इथं एक म्हातारी होती आणि ती त्याच्या चहात साखर कमी आहे का बघत होती.

त्यानं चहा प्यायला. गिटार पिशवीत घातली, वायर घातली, चेन लावली. स्टँडवर चारची गाडी होती. धोंडाबाई काठी टेकत दारापर्यंत आल्या.

“काल्याला येशील ना? नाव घेणार हायत ते माइकवरून.”

“न्हाई येणार,” तो म्हणाला.

त्या थोड्या चकित झाल्या. साठ वर्षांत या पोराकडून हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. सुदर्शन पायऱ्या उतरला आणि स्टँडकडं चालायला लागला. मागं वळून बघायची त्याची सवय होती, त्या दिवशी त्यानं बघितलं नाही. लातूरला पोचल्यावर आरतीनं दारातच विचारलं, पेटी कुठं आहे, आणि त्यानं सांगितलं की तू म्हणत होतीस ते बरोबर होतं, ती दुरुस्त करायलाच नको होती.